तालीम आणि तराजू

पहांटे अंबाझरी तलावाच्या बाजूस फिरावयास येणाऱ्या मंडळींत एक सेवानिवृत्त गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. मागल्या आश्विनांत त्यांनीं नियमानें चालण्यास आरंभ केला. कानांवर मफलर, हातांत काठी (ती आधारासाठीं नव्हे, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीं), असे ते नागपूरच्या थंडींतही एक दिवस न चुकतां येत. फाल्गुनांत ते एकाएकीं दिसेनासे झाले. पुढें बाजारांत भेट झाली तेव्हां मीं कारण विचारलें. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, चार महिने रोज तासभर चाललों. उतरलें किती, तर पाऊण किलो. आणि तेंही होळीच्या पुरणपोळ्यांनीं परत आणून ठेवलें. मग उगाच जोडे कशाला झिजवावे?"

हें ऐकून एरवीं हंसूं आलें असतें. पण या गृहस्थांचे वडील मधुमेहानें गेले, व थोरल्या भावाचा पाय त्याच व्याधीपायीं कापावा लागला, हें मला ठाऊक होतें. चालणें सोडून देणें ही त्यांच्या बाबतींत साधी गोष्ट नव्हती. त्यांनीं तें सोडलें तें आळसानें नव्हे, तर एका ठाम समजुतीनें. व्यायाम म्हणजे वजन उतरविण्याचें साधन. वजन उतरलें नाहीं तर व्यायाम फुकट गेला, ही ती समजूत होय. आज ती सुशिक्षित घरांतून इतकी रुजली आहे कीं फार पुरातन असावी असें वाटतें. वस्तुतः आमच्याकडे ती दोन-तीन पिढ्यांपलीकडची नाहीं. आमच्या पणजोबांच्या काळीं माणूस तालमींत जाई तो मुख्यतः अंगावर मांस चढविण्यासाठीं. एकाच व्यायामाकडून एका पिढीनें वजन वाढवून मागितलें आणि दुसरीनें तेंच उतरवून मागितलें, हा बदल कसा घडला, आणि या दोहोंपैकीं कोणती मागणी व्यायाम खरोखर पुरी करूं शकतो, याचा थोडा शोध येथें घ्यावयाचा आहे.

प्रथम भाषेचीच साक्ष काढूं. मूल गुटगुटीत झालें म्हणजे त्यानें 'बाळसें धरलें' असें आपण कौतुकानें म्हणतों. आनंद झाला कीं अंगावर 'मूठभर मांस चढतें.' पगार चांगला असेल तर तो 'लठ्ठ' असतो, आणि घर सुखी असेल तर तें 'खातेंपितें' असतें. उलट पक्षीं, वाळणें, रोडावणें, हाडांचा सापळा होणें हे सारे शब्द दुःखाचे आहेत. आणि दुबळ्या माणसानें ऐट मिरविली तर त्याच्यासाठीं 'काडीपहिलवान' हा शब्द तयारच आहे. ज्या समाजाची भाषा अशी घडली, त्या समाजाला भय होतें तें उपासमारीचें. हें भय काल्पनिकही नव्हतें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड हे आमचे प्रदेश होरपळून काढले. अशा काळांत 'वजन घटविणें' ही कल्पना कोणाला सुचली असती तर त्याला लोकांनीं वेड्यांत काढलें असतें.

महाराष्ट्रांतील व्यायामाची परंपरा या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. समर्थ रामदासांनीं सतराव्या शतकांत मारुतीची उपासना वाढविली, आणि मारुतीचें देऊळ व त्याशेजारील तालीम ही जोडी गांवोगांवीं रूढ झाली. आमच्या विदर्भांत तालमीला आखाडा म्हणतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाला नवें जीवन दिलें. इंग्रजी अमलांत ही परंपरा कांहीं काळ मंदावली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुशिक्षित वर्गानें तिला पुन्हां जवळ केलें. लोकमान्य टिळकांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. १८७२ मध्यें मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां त्यांची प्रकृति कृश होती. कॉलेजचें पहिलें वर्ष त्यांनीं तालीम, पोहणें व सकस आहार यांत घालविलें. परीक्षेंत ते नापास झाले, पण शरीर कमावलें, आणि पुढें मंडालेपर्यंतचीं कष्टमय वर्षें त्या शरीरानें सोसलीं.

विसाव्या शतकांत या चळवळीला संस्थांचें रूप आलें. आमच्या शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ मध्यें हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें प्रसिद्धीस आला, व त्याच्या पथकानें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं कबड्डीसारखे देशी खेळ जगाला करून दाखविले. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार स्वतःच्या उदाहरणानें व आपल्या संस्थानांतील शाळांतून केला. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ मध्यें कैवल्यधाम स्थापून योगाच्या क्रिया शास्त्रीय उपकरणांनीं तपासण्यास आरंभ केला. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड बाहेर पडले. या साऱ्या उद्योगाचा रोख एकच होता. दुर्बळ झालेल्या लोकांना बलवान करावयाचें होतें, आणि बळाबरोबर अंग भरावयाचें होतें.

पण तालीम नुसत्या जोर-बैठकांवर अंग भरते असें कोणताही वस्ताद समजत नसे. जोर-बैठका हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई यांचा खर्च पेलेल त्यानेंच पहिलवान व्हावें, अशी रीत होती. म्हणून राजेरजवाडे पहिलवान पदरीं बाळगीत. मेहनत शरीराला आकार देते, वजन देतो तो खुराक, ही गोष्ट तालमीला पूर्णपणें ठाऊक होती. तिची दुसरी बाजूही तिला ठाऊक होती. मेहनत सुटलेल्या पहिलवानाचें अंग सुटतें, हें खेड्यांतलें पोरही सांगतें. माती सुटली तरी भूक सुटत नाहीं. हजार जोर थांबतात, पण दुधाचा तांब्या थांबत नाहीं.

स्थूलपणाचा विचार आमच्या पूर्वजांनीं केलाच नव्हता असें मात्र नाहीं. चरकानें ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंद्य म्हटलें आहे त्यांत अतिकृश व अतिस्थूल हे दोन्ही आहेत, आणि त्यांतही अतिस्थूल हा बरा करण्यास अधिक कठीण असें त्याचें मत आहे. सुश्रुतानें प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले, जन्मतः दोष असलेले कृश आणि अपथ्यानें रोगी झालेले स्थूल. निर्धन रोग्याला त्यानें सांगितलेला उपाय मोठा विलक्षण आहे. जोडे व छत्री न घेतां, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें चालत जावें, किंवा विहीर खणावी! आपल्या सेवानिवृत्त गृहस्थांनीं चार महिन्यांत सोडलें तें औषध इतकें जुनें आहे. मात्र लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सुश्रुतानें तें सांगितलें तें प्रमेहाच्या रोग्याला. आणि त्याच्या हातांत वजनाचा कांटा नव्हता.

तो कांटा वैद्यकांत आला युरोपांतून. पाडुआच्या विद्यापीठांतील सांक्टोरिउस या वैद्यानें एक खुर्ची तराजूला टांगली, आणि सुमारें तीस वर्षें तो स्वतःचें वजन, अन्नपाण्याचें वजन आणि उत्सर्गाचें वजन टिपीत राहिला. त्याचा ग्रंथ १६१४ मध्यें प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसतां शरीरांतून निघून जातो, हें त्यानें दाखविलें. तो कोठें जातो हें त्याला कळलें नाहीं. तें कळलें लाव्हाझिए या फ्रेंच रसायनज्ञाला. श्वासोच्छ्वास हें एक मंद ज्वलन आहे, आणि माणूस श्रम करूं लागला कीं तो प्राणवायु अधिक घेतो, हें त्यानें १७९० च्या सुमारास सिद्ध केलें. १७९४ मध्यें राज्यक्रांतीनें त्याचा शिरच्छेद केला. त्यानंतर शंभर वर्षांनीं अमेरिकेंत ॲटवॉटर यानें माणूस राहूं शकेल एवढी उष्णतामापक कोठी तयार केली, आणि अन्न व श्रम या दोहोंचा हिशेब उष्मांकांत मांडतां येऊं लागला. जठराग्नीची उपमा आमच्याकडे होतीच; आतां त्या अग्नीची वही तयार झाली.

आखाड्यांत कांटा आला तो बऱ्याच उशिरा, ऑलिंपिकच्या वाटेनें. देशी कुस्तींत जोड लावण्याचें काम वस्तादाची नजर करीत असे. आंतरराष्ट्रीय कुस्तींत तें वजन करूं लागलें. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्यें लंडनला सर्वांत हलक्या वजनाच्या गटांत सहावे आले, आणि १९५२ मध्यें हेलसिंकीस ५७ किलोच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. त्या पदकाबरोबर मराठी मल्लाला हेंही समजलें कीं, यापुढें मैदानांत उतरण्याआधीं तराजूवर चढावें लागेल. पुढें ताटांत गोडतेलाची धार वाढली, पाय सायकलवरून स्कूटरवर आणि स्कूटरवरून मोटारींत गेले, आणि जो तराजू पहिलवानासाठीं आला होता तो प्रत्येक घराच्या न्हाणीघरापाशीं येऊन बसला.

आतां आपल्या गृहस्थांचा हिशेब त्या वहीप्रमाणें करून पाहूं. सत्तर किलो वजनाचा माणूस एक तास झपझप चालला तर बसून राहण्याच्या मानानें तो सुमारें २०० उष्मांक अधिक खर्च करतो. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक सांठलेले असतात. चार महिने रोज चालल्यावर २४,००० उष्मांक, म्हणजे तीन किलो चरबी जावयास हवी होती. गेला पाऊण किलो. उरलेले सव्वादोन किलो कोठें गेले?

कांहीं अंशीं उत्तर सोपें आहे. चालून आलेला माणूस एक पोळी अधिक खातो आणि त्याला तें जाणवतही नाहीं. परतीच्या वाटेवर तर्रीपोह्यांचा ठेला लागतो, आणि तासाभराची कमाई दहा मिनिटांत रश्श्यासह परत होते. पण उत्तराचा दुसरा भाग अलीकडच्या संशोधनानें पुढें आणला आहे, आणि तो अधिक मनोरंजक आहे. माणसाचा दिवसभराचा एकूण खर्च त्याला कोठींत न कोंडतां मोजण्याची एक युक्ति विसाव्या शतकांत निघाली. हायड्रोजन व प्राणवायु हे दोन्ही घटक नेहमीपेक्षां जड असलेलें पाणी माणसाला पाजतात. जड हायड्रोजन शरीरांतून केवळ पाण्यावाटे जातो. जड प्राणवायु पाण्यावाटे आणि उच्छ्वासांतील कर्बवायूवाटे असा दोन मार्गांनीं जातो. या दोहोंच्या फरकावरून श्वासाचा, आणि श्वासावरून ज्वलनाचा हिशेब लागतो.

या पद्धतीनें हर्मन पाँट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टांझानियांतील हाड्झा या शिकारी जमातीचा अभ्यास केला व तो २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. हाड्झा पुरुष दिवसाला सुमारें अकरा किलोमीटर चालतात, स्त्रिया सुमारें सहा. त्यांचा खर्च बैठ्या अमेरिकन माणसापेक्षां पुष्कळ अधिक असावा अशी सर्वांची अपेक्षा. शरीराचें आकारमान जमेस धरून पाहिलें तेव्हां तो जवळजवळ सारखाच निघाला! शरीर हें एखाद्या काटकसरी गृहिणीसारखें वागतें, असा यावरून तर्क निघाला; एका खात्यांत खर्च वाढला कीं ती दुसऱ्या खात्यांत हात आखडते. ही काटकसर नेमकी किती, याविषयीं वाद आहे. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत, हालचालीवर वाढलेल्या खर्चापैकीं सरासरी २८ टक्के शरीर इतरत्र वांचवितें असें आढळलें. म्हणजे शंभर उष्मांकांच्या कमाईंतून बहात्तरच पदरीं पडतात. आणि त्यांवर पोह्यांचा ठेला टपलेला असतोच.

याच संदर्भांत दोन लोकप्रिय समजुतींचा निकाल लागतो. पस्तिशी उलटली कीं चयापचय मंदावतो आणि पोट सुटतें, असें आपण म्हणतों. २०२१ मध्येंच २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांचीं मोजमापें एकत्र केलीं गेलीं. शरीराच्या मानानें पाहतां विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ स्थिर असतो, असें त्यांत दिसून आलें. तेव्हां वाढत्या पोटाचा दोष वयाच्या माथीं मारण्याची सोय उरली नाहीं. दुसरी समजूत अशी कीं, स्नायु वाढविले कीं ते बसल्या जागीं भराभर चरबी जाळतात. विश्रांतींत एक किलो स्नायु दिवसाला अवघे तेरा उष्मांक खर्च करतो. स्वस्थ पडलेल्या देहाच्या खर्चाचा मोठा वाटा यकृत, मेंदू, हृदय व मूत्रपिंडें हेच घेतात, आणि त्यांना दंडबेटकुळ्या नसतात.

मग श्रम आणि वजन यांचा कांहींच संबंध नाहीं काय? आहे, पण तो सरळ रेषेंतला नाहीं. १९५६ मध्यें जाँ मेयर यांनीं बंगाली सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणींतील २१३ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलक्या कामापासून ओझीं वाहण्यापर्यंत श्रम वाढत गेले तसा आहार वाढत गेला, आणि वजन जवळपास सारखें राहिलें. पण अगदीं बैठीं कामें करणारे कारकून व दुकानदार यांच्या बाबतींत ही घडी मोडली. त्यांचे श्रम कमी, तरी आहार कमी झालेला नव्हता, आणि वजनें मात्र सर्वांत अधिक होतीं. म्हणजे निदान कांहीं हालचाल असेल तरच भुकेचा कांटा बरोबर चालतो. त्याखालीं तो अडकतो. माती सुटली तरी भूक सुटत नाहीं, हें जें तालमीनें पाहिलें होतें तेंच बंगालच्या गिरणींत आंकड्यांनीं दिसलें.

येथवर तराजूची एक फसवणूक झाली. दुसरी याहून गंभीर आहे, आणि ती उघडकीस येण्यांत पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व त्यांचीं बालकें यांचा दीर्घ अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकाचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडमधील बालकाचें सुमारें ३.५ किलो. आमचें बालक हाडापेराचें, स्नायूंचें व आंतल्या इंद्रियांचें लहान. पण त्या मानानें त्वचेखालची चरबी त्यानें जवळजवळ राखून ठेवलेली! दिसावयास कृश, घडणीनें स्थूल. पुढें २००४ मध्यें डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोन मित्रांनीं आपलें स्वतःचें मोजमाप एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदीं सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी होती ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या देहांत २१.२ टक्के. तराजूनें दोघांना एकच ठरविलें होतें.

हा निर्देशांक बेल्जियमच्या केतले या खगोलशास्त्रज्ञानें १८३० च्या सुमारास काढला, तो माणसांच्या समूहाचें वर्णन करण्यासाठीं. एकेका माणसाच्या प्रकृतीचा तो निवाडा व्हावा असा त्याचा हेतु नव्हता. आतां आमच्याकडील वैद्यक भारतीयांसाठीं हा आंकडा २३ च्या पुढें गेला कींच सावध होतें, जेथें पाश्चात्य माणसासाठीं २५ ही मर्यादा धरतात. कारण त्याच आंकड्यामागें आमच्या अंगीं चरबी अधिक असते, आणि ती पोटाभोंवतीं असते. आमचें शरीर असें कां घडलें? पिढ्यान् पिढ्या अर्धपोटीं राहिलेल्या मातांच्या उदरांत बालकाला मिळालेली तुटपुंजी शिदोरी, ही त्याची एक प्रमुख उपपत्ति आहे. ती पूर्णपणें खरी ठरली तर म्हणावें लागेल कीं, ज्या उपासमारीच्या भयानें आमच्या पणजोबांना तालमींत नेलें, ती अजून आमच्या देहांतून गेलेली नाहीं. तिच्यावर पोळी-तुपाचा थर बसला आहे, इतकेंच. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशांत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतले पुष्कळसे पाहणाऱ्याला लठ्ठ दिसणारही नाहींत. काडीपहिलवान हा शब्द थट्टेचा राहिला नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वजन न उतरविणारा व्यायाम फुकट जातो काय? लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर १९५३ मध्यें जेरी मॉरिस यांनीं एक साधी तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसाला शेंकडों पायऱ्या चढउतार करणारा. कंडक्टरांमध्यें हृदयविकार स्पष्टपणें कमी आढळला. शंका निघाली कीं ड्रायव्हर मुळांतच जाडे असतील. तेव्हां त्यांनीं गणवेशाच्या विजारींचीं मापें तपासलीं. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या हें खरें. पण सारख्या कमरेच्या माणसांत पाहिलें तरी कंडक्टरच सुरक्षित होता.

आमच्या देशांतला पुरावा याहूनही थेट आहे. चेन्नईस डॉ. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवर केलेला प्रयोग २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा सल्ला दिला. दुसऱ्याला आहारांत संयम आणि रोज निदान अर्धा तास चालणें सांगितलें. तीन वर्षांत पहिल्या गटांतील शंभरांपैकीं ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यांतील ३९ जणांना. आणि या दुसऱ्या गटाचें सरासरी वजन तीन वर्षांत म्हणण्यासारखें उतरलेंच नव्हतें! कांट्यावर ज्यांना अपयश आलें असें आपण म्हणूं, त्यांतले कित्येकजण रोगापासून वांचले होते.

याचें कारण स्नायूंत आहे. रक्तांतील साखर सांठविण्याचें सर्वांत मोठें कोठार म्हणजे स्नायु. एरवीं त्याचें दार उघडण्यास इन्शुलिनची किल्ली लागते, आणि मधुमेहांत तीच किल्ली गंजलेली असते. पण स्नायु काम करूं लागला कीं तो इन्शुलिनची वाट न पाहतां आंतून दार उघडतो, आणि काम संपल्यावरही कांहीं तास किल्ली सुलभ फिरते. शिवाय, नियमित व्यायामानें पोटांतील इंद्रियांभोंवतींची घातक चरबी कमी होते, आणि ती कमी होत असतां वजनाचा आंकडा जागचा न हालणेंही शक्य आहे. यांतलें कांहींही न्हाणीघरांतल्या कांट्याला दिसत नाहीं.

लठ्ठपणा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. ज्याला वजन खरोखर उतरवावयाचें आहे त्यानें तें मुख्यतः ताटांतच उतरविलें पाहिजे; व्यायाम त्या कामीं दुय्यम सहाय्यक आहे. आहार घटविला असतां स्नायु झडूं न देणें, आणि उतरलेलें वजन पुन्हां चढूं न देणें, हें काम मात्र तो चांगलें करतो. खुराक वजन ठरवितो, मेहनत घडण ठरविते, ही वस्तादांची जुनी वांटणीच शेवटीं शास्त्राला मान्य करावी लागली. तालमीचें मापही वेगळेंच होतें. नव्या पोराचें वजन वस्ताद करीत नसे. तो त्याचा दम पाही. किती जोरांनंतर श्वास फुलतो, आणि फुललेला श्वास किती वेळांत ठिकाणावर येतो, यावर पोराची योग्यता ठरे. अमेरिकेंत डॅलस येथें सुमारें बावीस हजार पुरुषांचा दम धांवत्या पट्ट्यावर मोजून त्यांच्या आयुष्यमानाची नोंद ठेवण्यांत आली. १९९९ मध्यें जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत, दम असलेल्या लठ्ठ माणसापेक्षां दम नसलेल्या सडपातळ माणसाला मृत्यूचा धोका अधिक आढळला.

त्या गृहस्थांना बाजारांत उभ्या उभ्या एवढें सारें सांगणें शक्य नव्हतें. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्या इमारतीची लिफ्ट बहुधा बंद असते, हें मला ठाऊक होतें. मीं इतकेंच विचारलें, "आश्विनांत घरचा जिना चढतांना आपण कितीदां थांबत होतां?"

"दोनदां. दर मजल्यावर."

"आणि फाल्गुनांत?"

ते क्षणभर विचारांत पडले. मग म्हणाले, "एकदांही नाहीं. अहो, पण तें कांट्यावर कुठें दिसतें?"

दिसत नाहीं, हें मीं कबूल केलें. परवां पहांटे ते पुन्हां तलावावर दिसले. मफलर उन्हाळ्यामुळें नव्हता, काठी होती.